नमुना भिंत क्रमांक सात

स्वतःच्या लग्नात बायकोचं नाव विसरलेल्या एका गृहस्थांची गोष्ट मी ऐकून आहे. लोक हसले, पण लग्न व्हायचं ते झालंच. मी आमच्या विभागात, पाच प्राध्यापकांसमोर, स्वतःच्या प्रबंधाचं नाव विसरलो आणि माझं मात्र व्हायचं राहिलं.

नाव तसं अवघड नव्हतं. मागच्या पडद्यावर चांगल्या ठसठशीत अक्षरांत ते लिहिलेलंही होतं. पण पडदा माझ्या पाठीमागे होता, आणि वळून बघायला जे डोकं लागतं ते त्या वेळी माझ्याजवळ नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या प्रबंधाचा विषय," आणि थांबलो. घोटभर पाणी प्यालो आणि पुन्हा म्हणालो, "माझ्या प्रबंधाचा विषय." तिसऱ्यांदा म्हटल्यावर समितीतले एक वयस्कर सर म्हणाले, "आहे ना काहीतरी?" सगळे हसले. मीही हसलो. हसणं संपल्यावर बोलायचं असतं, ते मला जमलं नाही.

प्रबंध देण्याआधी विभागात असं एक भाषण द्यावं लागतं. त्यात नापास झालं तर दुसरी संधी मिळते. तिसरी मिळत नाही. नोंदणी रद्द होते आणि सहा वर्षांचं काम कपाटात जातं. समितीनं माझ्याबद्दल शेरा दिला: "काम समाधानकारक. आत्मविश्वासाचा अभाव. विद्यार्थी मनोबल केंद्रात जाऊन यावे." वाण्याकडे जाऊन यावे, तसं.

विभागाच्या पायऱ्यांवर बसून मी बायकोला फोन लावला. तिनं "काय झालं?" विचारलं आणि मला रडू आलं. चौतिसाव्या वर्षी पायऱ्यांवर बसून रडताना माणूस चांगला दिसत नाही, म्हणून मी बूट बांधत असल्यासारखं केलं. बूट बिनलेसचे होते.

मनोबल केंद्रातल्या कारकुनानं माझ्यापुढे एक अर्ज सरकवला. त्यावर मार्गदर्शकांची सही हवी होती, की या विद्यार्थ्यात आत्मविश्वास नाही. मी सरांकडे गेलो. सर भला माणूस, पण सही म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

"असं कसं लिहून देऊ?" ते म्हणाले. "सहा वर्षं तुम्ही माझ्या हाताखाली आहात. उद्या कोणी विचारलं, की मुळातच नव्हता, का यांच्याकडे आल्यावर गेला, तर?"

मी परत कारकुनाकडे. तो म्हणाला, "मग आत्मविश्वास आहे असं लिहून आणा."

"तो असता तर इथे कशाला आलो असतो?"

"तेच म्हणतोय मी. मग येऊ नका."

शेवटी सरांनी "आत्मविश्वास आहे, परंतु सध्या दिसत नाही" असं लिहून दिलं, तेव्हा केंद्रानं मला आत घेतलं. आत आम्ही चारपाच संशोधक विद्यार्थी गोल करून बसलो होतो. एकीच्या प्रयोगातल्या माशा सुट्टीत मेल्या होत्या. एक जण शेवटचं प्रकरण इतके दिवस लिहीत होता की त्याचं पहिलं प्रकरण जुनं झालं होतं. समुपदेशक बाईंनी प्रत्येकाला आपापल्या विषयातलं चिकाटीचं उदाहरण द्यायला सांगितलं. माझा विषय भिंतीवरचं शेवाळ. मी सांगितलं, की हे सुकतं, काळं पडतं, मेल्यासारखं होतं, आणि पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "पाहिलंत? शेवाळासारखं व्हा!" मला जरा रागच आला. शेवाळाला भाषण द्यावं लागत नाही.

घरचा अभ्यास म्हणून त्यांनी सांगितलं, की ज्यांना तुमच्या विषयातलं काही कळत नाही अशा माणसांसमोर रोज बोला. अशी माणसं मला लांब शोधावी लागणार नव्हती.

आमच्या घरी बायको नोकरी करते. मी संशोधन करतो. या दोन वाक्यांमधला पूर्णविराम सासूबाईंना कधीच मान्य झालेला नाही. त्या आमच्याकडेच असतात. शेवाळाला अभ्यासात हरिता म्हणतात, पण घरात मी हा शब्द वापरत नाही. एकदा मी फोनवर "हरितेशिवाय मला दुसरं काही सुचत नाही" असं सरांना सांगत होतो, तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

तर बैठकीच्या खोलीत मी खिडकीला चादर लावली, विभागातून प्रोजेक्टर उसना आणला. श्रोते दोनच, बायको आणि सासूबाई. पण दोन श्रोत्यांवर सासूबाईंचं समाधान होईना. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. काका आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. आयुष्यभर कारखान्यात मशिनींच्या वरताण ओरडून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही जिन्यात ऐकू येतं. ते येताना खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना घेऊन आले. दंतवैद्यांचं आणि माझं तेव्हा फारसं बरं नव्हतं. त्यांच्या बाथरूममध्ये छतातून पाणी टपकायचं. वर्षभर ते "तुमच्याकडून येतंय" म्हणत होते आणि मी "वरून येत असेल" म्हणत होतो. पण फुकटचा कार्यक्रम म्हटल्यावर माणूस वैर बाजूला ठेवतो.

मी तोंड उघडायच्या आत सल्ले सुरू झाले.

"पोटातून बोल," काका म्हणाले. "घशातून बोललं की घाबरल्यासारखं वाटतं. हं, पोट बाहेर काढ. आहे तेवढंच काढ."

"जबडा सैल सोडा," दंतवैद्य म्हणाले. "तुम्ही दात आवळता. रात्रीही आवळत असाल. एकदा येऊन दाखवा."

"हात खिशातून काढा आधी," सासूबाई म्हणाल्या. "भाडं मागायला आल्यासारखे उभे आहात."

बायको म्हणाली, "बोल रे तू." तेवढाच एक सल्ला मला पाळता आला.

मी बोललो. वाटलं होतं त्यापेक्षा बरं बोललो. माझा दावा साधा आहे. भिंतीवर पाणी बाहेरून उडून आलं तर शेवाळाची एक जात उगवते. पाणी आतून, सतत झिरपत आलं तर दुसरी. ही दुसरी जात कशी पसरलीय ते नीट मोजलं, तर भिंत न फोडता सांगता येतं की पाणी नेमक्या कुठल्या सांध्यातून येतंय. सहा वर्षांचं काम इतक्या थोडक्यात मावतं हे लक्षात आलं की वाईट वाटतं, पण ते असो. काका मान डोलवत होते. मला चेव आला. मी पडद्यावर माझा सगळ्यात आवडता फोटो आणला, नमुना भिंत क्रमांक सात.

दंतवैद्य खुर्चीत पुढे सरकले. "ही आपली मागची भिंत."

"नाही हो. ही नमुना भिंत क्रमांक सात."

"तो पिवळा पाइप आपला आहे. ती खिडकी माझी आहे. खिडकीत माझा टॉवेल वाळतोय."

मी पाहिलं. टॉवेल होता.

लोक मला अजून विचारतात, चार वर्षं ती भिंत मोजलीस आणि तुला कळलं कसं नाही? त्यांना संशोधन म्हणजे काय ते माहीत नाही. मी मागच्या गल्लीतून शिडी घेऊन जायचो, जाळी लावून शेवाळाची रुंदी मोजायचो, तक्त्यात सातच्या रकान्यात आकडा भरायचो आणि निघायचो. बाकीच्या भिंती दवाखान्याच्या, शाळेच्या, गोदामाच्या. ही जवळ पडायची म्हणून घेतलेली. जिना चढून वर आलो की मी घरी असायचो. घराला मागची बाजू असते हे मला ठाऊक होतं, पण त्या बाजूला सात म्हणतात हे घरात असताना कधी डोक्यात आलं नाही.

"बरं," दंतवैद्य शांतपणे म्हणाले, "मग या भिंतीत पाणी कुठून येतंय?"

आता हा प्रश्न म्हणजे माझ्या प्रबंधाचं काळीज. जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटातून आवाज निघाला. "दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या उजव्या कोपऱ्यातल्या सांध्यातून," मी म्हणालो. "यात शंकेला जागाच नाही."

"दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं?" काकांनी विचारलं. इतकी वर्षं सेक्रेटरी असून त्यांनाही पटकन आठवेना.

"आपणच की," सासूबाई म्हणाल्या.

दंतवैद्यांनी उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. वर्षभरात इतकं स्पष्ट त्यांच्याशी कोणीच बोललं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि गवंडी उद्या बोलावू का परवा, असंही म्हणाले.

इथे खरी पंचाईत होती. दुसऱ्या भाषणाला बाहेरून एक परीक्षक बाई येणार होत्या. त्या पडद्यावरच्या फोटोवर विश्वास ठेवत नाहीत अशी त्यांची ख्याती. भाषण झालं की एक तरी भिंत डोळ्यांनी पाहीन, असं त्यांनी सरांना आधीच कळवलं होतं. आणि माझ्या भिंतींचा हिशेब असा, की दवाखान्यानं टाइल्स बसवल्या होत्या, शाळेनं रंग दिला होता आणि गोदाम पाडलं होतं. जिवंत अशी एकच उरली होती. सांधा दुरुस्त झाला की पाणी बंद, पाणी बंद की शेवाळ वाळणार, आणि मग मी बाईंना दाखवणार काय, टॉवेल?

मी दंतवैद्यांच्या दारात गेलो आणि त्यांना विनंती केली, की माझं भाषण होईपर्यंत गळती राहू द्या.

"म्हणजे मी भिजत राहू?"

"विज्ञानासाठी."

"अहो, मी डोक्यावर बादलीचं झाकण धरून दाढी करतो. तुम्हाला हे माहीत नसेल."

माहीत नव्हतं. मी खरोखर खजील झालो आणि तसं त्यांना सांगितलं. ते जरा निवळले. मग म्हणाले, "एका अटीवर. ते भाषण बाहेरच्या लोकांना ऐकता येतं ना? मी येणार. तिथे, सगळ्या प्रोफेसरांसमोर, तुम्ही म्हणायचं, की हे पाणी माझ्या बाथरूमचं आहे. वर्षभर मी वेडा ठरलोय."

मी कबूल केलं. माणूस अडला की अब्रू सगळ्यात आधी काढून देतो, कारण तिचा तसाही काही उपयोग होत नसतो.

त्यानंतरचे आठवडे आमच्या घरात आंघोळ हा खासगी मामला राहिला नाही. गळती नेहमीइतकी चालू राहायला हवी, म्हणजे पाणीही नेहमीइतकंच पडायला हवं. बायकोला कामावर जायची घाई असली की ती नुसतं तोंड धुऊन पळायची. ते मी बंद केलं. सासूबाईंनी बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं होतं, तर मी त्यांना हात जोडून म्हणालो, "आत्ता नको, तुम्ही गेलात तर पाणी कमी पडेल." जावई आपल्याला इतक्या आग्रहानं थांबवून घेतोय याचं त्यांना आधी भरून आलं. कारण कळल्यावर त्यांनी ते आवरतं घेतलं. पण थांबल्या. रोज सकाळी बाथरूममधून बाहेर येताना "घ्या, झालं तुमचं काम" असं म्हणायच्या.

सराव रोज चालूच होता. बघता बघता अख्ख्या इमारतीला माझा विषय पाठ झाला. काका जिन्यात भेटले की बाहेरचं शेवाळ आणि आतलं शेवाळ यांतला फरक मला समजावून सांगायचे. मी बोलताना दर वाक्याला कोणी ना कोणी मध्ये तोंड घालायचं, आणि त्याला उत्तर देता देता मला घाबरायला वेळच मिळायचा नाही. मला वाटू लागलं, की जमेल. हे वाटणंच वाईट असतं.

भाषणाच्या आदल्या दिवशी मी विभागातून घरी आलो तर काका आणि सासूबाई फाटकात उभे. दोघांच्या तोंडावर एखाद्याचा वाढदिवस असल्यासारखा आनंद.

"डोळे मीट," काका म्हणाले.

त्यांनी मला दंडाला धरून मागच्या गल्लीत नेलं. मी डोळे उघडले. समोर भिंत होती. पांढरीशुभ्र. ब्रशनं घासघासून धुतलेली, वर चुन्याचा दणकट हात दिलेला. पिवळा पाइपसुद्धा पुसला होता.

"उद्या एवढी मोठी मंडळी भिंत बघायला यायची," सासूबाई म्हणाल्या, "आणि तिच्यावर हे हिरवं घाणेरडं! लोक काय म्हणतील? मी म्हटलं काकांना, रंगारी बोलवा. समोर उभं राहून करून घेतलंय हो. एक डाग शोधून दाखवा."

मी शोधत होतो. त्यांना वाटलं, कौतुकानं बघतोय.

काकांच्या आधी दंतवैद्यांच्या लक्षात आलं. ते खिडकीतून डोकावले, भिंत पाहिली, मला पाहिलं आणि "अरे देवा" म्हणून खिडकी लावून घेतली. सासूबाईंवर ओरडावं असं फार वाटलं, पण त्यांच्या हाताला चुना लागला होता. रंगाऱ्याकडून एक कोपरा राहिला होता तो त्यांनी स्वतः केला होता. मी घरात जाऊन पलंगावर आडवा झालो. बायको आली, काय झालं ते तिला कळलं होतं. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "आईला सांगितलं मी. ती बाथरूममध्ये दार लावून बसलीय."

"आंघोळीला?"

"नाही रे, रडायला."

दुसऱ्या दिवशी विभागाच्या सभागृहात मी उभा राहिलो. पुढे समिती, मधोमध परीक्षक बाई. मागच्या रांगेत माझी अख्खी इमारत. सर माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण काढत आणि लावत होते, कारण भिंतीचं त्यांना सकाळीच सांगितलं होतं. सभागृहात अगदी शांतता होती. ही शांतताच घात करते. घरी कुकर वाजायचा, बेल वाजायची, कोणीतरी टोकायचं. इथे सगळी शहाणी माणसं असल्यामुळे गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "माझ्या प्रबंधाचा विषय." पुढचं पुन्हा आठवेना. वयस्कर सरांनी भुवया उचलल्या.

"हात खिशातून काढा!" मागून सासूबाईंचा आवाज आला. रात्रभर रडून तो बसला होता, पण पोहोचला.

सभागृह हसलं. मी हात बाहेर काढले, आणि त्या हातांचं काय करायचं म्हणून पडद्याकडे वळलो. पडद्यावर नाव लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. पुढे मग गाडी सुरू झाली. काका मध्येच "जोरात!" म्हणाले, एकदा कोणीतरी खोकलं, आणि मी सातव्या भिंतीपर्यंत आलो.

"हे पाणी," मी म्हणालो, "माझ्या बाथरूमचं आहे."

समितीला वाटलं विनोद आहे. मागच्या रांगेत दंतवैद्य एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परीक्षक बाईंनी चष्मा पुसला. "छान. मग ही भिंत बघायला केव्हा निघायचं?"

"शेवाळ आता नाहीये तिच्यावर," मी म्हणालो. "काल माझ्या सासूबाईंनी ती धुऊन चुना लावून घेतला. आपण येणार म्हणून."

कोणी हसलं नाही. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "म्हणजे बाकीच्या भिंती गेल्या, ही धुतली. तुमच्याकडे आता दाखवायला काय आहे?"

खरं म्हणजे इथे मी संपायचं. तशी तयारीही होती. पण एक विचित्र गोष्ट झाली. मला भीती वाटेना. घाबरायचं ते मी आदल्या दिवशी पलंगावर घाबरून घेतलं होतं, आणि आता उत्तर द्यायला माझ्याजवळ विषय सोडून दुसरं काही उरलं नव्हतं.

"ते परत येईल," मी म्हणालो.

"कुठे?"

"तिथेच. घासलं तरी सांधा तोच आहे, पाणी तेच आहे. आणि आतल्या पाण्यावरच्या या जातीला चुना आवडतो. सासूबाईंनी तिला जेवायला वाढलंय. मी जागा दाखवतो, तुम्ही खूण करा. पहिलं हिरवं त्या खुणेत येईल. दुसरीकडे आलं तर माझं सगळं काम चुकीचं."

सरांच्या हातातून टोपण पडलं.

"इतकी खात्री आहे?" बाईंनी विचारलं.

"बाथरूम फोडायला तयार आहे, इतकी."

बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला, जागा दाखवा." समितीचे पाच आणि इमारत, अशी वरात आमच्या गल्लीत आली. मी शिडीवर चढलो, माप घेतलं, कोळशानं बशीएवढा गोल काढला. बाईंनी गोलाचा फोटो काढला, आणि निकाल सत्र संपेपर्यंत राखून ठेवला. वयस्कर सर सासूबाईंना म्हणाले, "भिंत मात्र सुंदर झालीय." त्या बिचाऱ्या त्यांना थँक्यू म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही सगळे त्या गोलाकडे बघत बसलो. रस्त्यानं जाणारे लोक विचारायचे, तिथे काय व्हायचंय? काका सांगायचे, "हिरवं यायचंय." लोक हो म्हणून भरभर पुढे जायचे. दंतवैद्य बादलीचं झाकण डोक्यावर धरून दाढी करत राहिले. गवंड्याला त्यांनी स्वतः थांबायला सांगितलं.

एकदा काकांनी मला जिन्यात बाजूला घेऊन, त्यांच्या हिशेबी हळू आवाजात, सांगितलं, "बागेतून आणून थोडं डिंकानं चिकटवू का? कोणाला कळणार नाही." चार मजल्यांना कळलं. मी नको म्हणालो. मोह झाला नाही असं नाही.

बायकोनं एकदा जेवताना विचारलं, "आणि नाही आलं तर?"

"तर गळती आपली नाही."

"मग बरंच की."

"आणि डिग्रीही नाही."

तिनं विचार केला. "मग येऊ दे," म्हणाली. त्या दिवशी तिनं दोनदा आंघोळ केली.

पहिलं हिरवं दिसलं ते गोलाच्या बाहेर, चांगलं हातभर खाली. मी ते पाहिलं आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो. मनात आलं, समितीचं पहिल्या वेळचंच बरोबर होतं, माझ्यात नव्हतंच काही. दंतवैद्य तोंडाला फेस तसाच ठेवून खिडकीत आले.

"काय झालं?"

"खाली आलं."

त्यांनी वाकून बघितलं. "अहो, ते मोरीच्या पाइपाचं उडालेलं पाणी आहे. बाहेरचं. ती दुसरी जात. इतक्या वेळा ऐकवलंत ना आम्हाला? जवळ जाऊन बघा तरी."

मी भिंग घेऊन पाहिलं. बाहेरचीच जात होती. स्वतःचा प्रबंध दुसऱ्याच्या तोंडून, तोही फेसाळलेल्या, ऐकताना जरा लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला.

आणि मग एका सकाळी गोलात, उजव्या अंगाला, ओशट हिरवा पातळ थर दिसला. परीक्षक बाईंना कळवलं. त्या आल्या, स्वतः शिडीवर चढल्या, भिंग लावून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. सासूबाईंनी शिडी दोन्ही हातांनी धरली होती.

"आतलीच आहे," बाई वरून म्हणाल्या. खाली उतरून त्यांनी हात झटकले. "त्या दिवशी सभागृहात बोललात तेव्हा खरंच खात्री होती?"

"बोलताना होती," मी म्हणालो. "घरी आल्यावर गेली. मग येत-जात राहिली."

"माझा निकाल होकारार्थी आहे," त्या म्हणाल्या. काका त्यावर इतक्या मोठ्यानं "शाबास" म्हणाले की बाई दचकून शिडीला टेकल्या.

सासूबाई त्या संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं, आमच्याच घरची गळती निघाली! सगळ्या प्रोफेसरांनी मान्य केलं!" तिकडून काय विचारलं गेलं ते ऐकू आलं नाही, पण सासूबाईंनी फोन जरा रागानंच ठेवला. बायको मला बिलगली आणि मग तिनं बाथरूमच्या फरशीकडे एकदा बघून घेतलं, कारण ती आम्ही लग्नानंतर हौसेनं बसवली होती.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन मी जिना चढत होतो. पहिल्या मजल्यावर दंतवैद्यांचं दार उघडं होतं. ते उंबऱ्यात उभे होते, बादलीचं झाकण काखेत.

"काय डॉक्टर," ते म्हणाले, "कधी फोडायचं?"

मी मागे वळून पाहिलं. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं.

"आजच," मी म्हणालो.